सोलापूर आणि गृहस्थाची बेगमी
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संकटकाळी आपले नगर आपणांस कितपत सांभाळू शकेल, हा आमच्या भाषणाचा विषय आहे. आपल्यांपैकी अनेकांची मुले पुण्यास स्थायिक झाली आहेत. मागे राहिलेल्या वृद्धांनीही घर विकून तिकडे जावे, अशी चर्चा घरोघरी चालते. म्हणून या नगराचा जमाखर्च एकदा मांडून पाहणे अवश्य आहे.

प्रथम जमेची बाजू पाहू. अन्नाच्या बाबतीत सोलापूर भाग्यवान आहे. आपली काळी जमीन पावसाळ्यातील ओल धरून ठेवते व तिच्यावर रब्बीची ज्वारी पिकते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. आपली कडक भाकरी व शेंगाचटणी चूल न पेटविता कित्येक दिवस पुरते. पाच माणसांच्या कुटुंबास तीन महिन्यांसाठी पावणेदोन क्विंटल धान्य पुष्कळ झाले. उन्हात वाळवून कडुनिंबाचा पाला घातला, की ते घराच्या एका कोपऱ्यात सुखाने राहते.

खर्चाच्या बाजूस मोठी रकम आहे ती पाण्याची. येथील वार्षिक पाऊस सुमारे ५५० मिलिमीटर, आणि तोही बेभरवशाचा. १८७६-७७ च्या दुष्काळात हा जिल्हा होरपळला. १९७२ साली परदेशी मिलो खाऊन लोकांनी दिवस काढले. १८७१ साली एकरुख तलाव झाला, १९८० साली उजनी धरण झाले, तरी चिंता सरली नाही. उजनीचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटर नळांतून येते. वीज खंडित झाली अथवा नळ फुटला, की पाणी येणे आणखी लांबते.

उद्योगाचीही तीच कथा आहे. सूत बाहेरून येते, चादर बाहेर खपते. २०२० च्या टाळेबंदीत यंत्रमागांचा खडखडाट एकाएकी थांबला, हे आपण पाहिलेच.

मग पुणे अधिक सुरक्षित काय? १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटली, तेव्हा पुण्याचे नळ कोरडे पडले आणि जुने आड उपयोगी आले. तात्पर्य, गाव बदलल्याने तरतुदीची जबाबदारी टळत नाही.

आमचे मत असे की, सोलापुरात राहणे सुज्ञपणाचे आहे. मात्र पाण्याची सोय आपण केली पाहिजे. पिण्यास व स्वयंपाकास माणशी पाच लिटर धरल्यास पाच माणसांस दहा दिवसांसाठी अडीचशे लिटर पाणी लागते. तेवढे झाकून ठेवलेले पाणी प्रत्येक घरी असावे. वाड्यांतील आड चैत्रापूर्वी उपसून स्वच्छ करावेत. शंभर चौरस मीटरांच्या छपरावर वर्षाकाठी सुमारे ५५ हजार लिटर पाणी पडते. त्यातील निम्मे जरी साठविले, तरी पुष्कळ साधेल. कार्यालयाच्या इमारतीपासूनच संघाने आरंभ करावा.

शेवटची विनंती तरुणांस आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची गल्लीवार यादी करा. टँकर दाराशी आला, तरी सत्तरीच्या आजीबाईंची घागर कोण उचलणार, हे त्या यादीत प्रत्येक नावापुढे लिहिलेले असावे. एवढे झाले, तर घर विकण्याची घाई कोणास करावी लागणार नाही.