कळ दाबल्यानंतरचा पहिला क्षण



अवसरी खुर्दला २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, खोडदला, जीएमआरटी दुर्बिणीचे केंद्र आहे. संगणक हा या परिसराला नवलाचा विषय नव्हे. तरीही कळ दाबल्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंत यंत्रात काय घडते, हे किती घरांत ठाऊक असते?

विंडोज किंवा लिनक्स जागे होण्यापूर्वी मदरबोर्डवरील नखाएवढ्या चिपमधली आज्ञावली स्मृती, पडदा, कळफलक यांना कामाला लावते. तिला फर्मवेअर किंवा बायोस म्हणतात. सर्वांत आधी धावणारी ही आज्ञावली बहुधा कुलूपबंद असते. यंत्र विकत घेणाऱ्याने ती वाचायची नाही, दुरुस्तही करायची नाही.

या कुलपाला हात घातला तो १९९९ मध्ये अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेने. अणुबॉम्ब घडला तीच ही जागा. तेथे अनेक संगणक जोडून महासंगणक उभारला जाई. एखाद्याचा बायोस अडून बसला की कळफलक आणि पडदा घेऊन माणसाने त्या यंत्रापाशी धावायचे! रॉन मिनिच आणि सहकाऱ्यांनी अखेर स्वतःचेच मुक्त फर्मवेअर लिहायला घेतले. त्या ‘लिनक्सबायोस’चे नाव २००८ मध्ये ‘कोअरबूट’ झाले. गूगलच्या क्रोमबुकमध्ये तेच असते. बायोस स्वदेशी कंपन्यांचेच, तरीही अमेरिकन प्रयोगशाळेला ते परावलंबन खुपले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पुण्याला हे वेगळे सांगायला नको. हवा तो क्रे महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्यातील ट्रान्सप्युटर चिप मात्र ब्रिटिश होत्या. २०२४ मध्ये जीएमआरटीच्या संशोधनासाठी आलेल्या ‘परम रुद्र’चे सर्व्हर देशात घडले, प्रोसेसर इंटेलचा. स्वावलंबन असे थराथराने येते.

कोअरबूटलाही मर्यादा आहे. इंटेलच्या नव्या चिपवर स्मृती जागवणारा भाग कंपनी बंद स्वरूपातच देते. उघड्या घरात एक खोली कुलपातच राहते. म्हणून आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर मोलाचे. त्यांचा आराखडाच भारतीय हातांत आहे.

विद्यार्थ्यांना आरंभ आजही करता येईल. क्यूईएमयू या आभासी यंत्रावर कोअरबूट चालवायला वेगळे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. पुढे थिंकपॅड एक्स-२३० सारखा जुना लॅपटॉप घ्यावा. चुकीची आज्ञावली चढली तर तो निपचित पडतो. तेव्हा चिपमधील मूळ मजकूर आधी दोनदा उतरवून, दोन्ही प्रती जुळतात हे पडताळून, जपून ठेवावा.