सहीचा अधिकार



सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली, तेव्हा मिळेल त्या गाडीनं लाखो माणसं शहर सोडून गेली. लिंबायत-उधन्याकडची आपली खानदेशी मंडळीही त्यांत होती. ज्यांनी तो कचरा आणि ते तुंबलेलं पाणी पाहिलंय, त्यांना मी काय वेगळं सांगणार?

मे 1995 मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांचं नाव निघालं की लोक अजून बेकायदा बांधकामं पाडल्याचंच सांगतात. ते खरं आहेच, पण मला त्यांचं दुसरं काम मोठं वाटतं. सहा झोनच्या प्रमुखांना त्यांनी आपले अधिकार देऊन टाकले, आणि नुसते हुकूम सोडण्याचे नव्हे, खर्चाचेसुद्धा. एरवी गटार फुटलं, की कागद मुगलसराईतल्या मुख्य कचेरीकडे निघायचा आणि पाणी रस्त्यावर वाहत राहायचं. आता झोनमधल्या माणसानंच ठरवायचं, त्यानंच सही करायची.

आपल्याकडे जबाबदारी देतात ती बहुधा अर्धीच. सुनेच्या कमरेला किल्ल्या लावायच्या आणि कपाट उघडताना मात्र सासूबाईंना विचारायचं! काम एकाचं, सही दुसऱ्याची, आणि बिघडलं की बोलणी पहिल्यालाच. याला विश्वास म्हणवत नाही.

पण राव अधिकार देऊन स्वस्थही बसले नाहीत. सकाळी अधिकाऱ्यांनी केबिन सोडून रस्त्यावर उतरायचं, स्वतः आयुक्तांनीही. आणि कामाचा आढावा रोजच्या रोज. ज्याच्या हातात सही, त्याला 'वरून मंजुरी आली नाही' असं सांगायची सोयच उरत नाही. मला वाटतं, काहींना तो अधिकार सुरुवातीला जडच गेला असेल. वरच्याकडे बोट दाखवण्यातही एक सुख असतं हो!

माणसं बहुतेक तीच होती, झाडू तेच होते. तरी 1996 मध्ये 'इनटॅक' या संस्थेनं सुरतेला चंदीगडखालोखाल देशातलं दुसरं स्वच्छ शहर ठरवलं. पुढे राव बदलून गेले, पण झोनचा कारभार राहिला. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेनं इंदूरच्या बरोबरीनं पहिला क्रमांक घेतला, तोवर राव यांना सुरत सोडून पंचवीस वर्षं उलटली होती.