राक्षस जन्माने ठरतो काय?

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काही ज्येष्ठ मंडळी मनात हसली असतील. धम्माच्या व्यासपीठावर राक्षसांचे काय काम? परंतु आमच्या अभ्यासवर्गात हा विषय मुलांनीच आणला. सुत्तपिटक उघडले की यक्ष, नाग, मार भेटतात. आणि बाबासाहेबांनी तर आपल्याला देव-दैत्यांच्या जंजाळातून बाहेर काढले. मग हे वाचायचे कसे? दुसरे असे की, हीच मुले सुटीत फासे टाकून एक अमेरिकन खेळ खेळतात, त्यातही नाग आहेत, राक्षस आहेत. हे दोन विषय वरवर वेगळे दिसतात. आम्हांस ते एकच वाटतात.

पिटक वाचण्याची कसोटी बाबासाहेबांनीच दिली आहे. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या 'दि बुद्धा अँड हिज धम्म' या ग्रंथात ते सांगतात की, बुद्ध हा बुद्धिवादी होता. जे विवेकाला व तर्काला धरून आहे तेच त्याचे वचन मानता येईल, आणि माणसाच्या हिताशी संबंध नसलेल्या चर्चेत तो कधी पडला नाही. धर्मानंद कोसंबींनीही 'भगवान बुद्ध' लिहिताना चमत्कार बाजूला सारून माणूस शोधला होता. परंतु या कसोटीचा अर्थ कात्री असा काही लोकांनी घेतला आहे. यक्ष आला की पान फाडा! असे केले तर चमत्काराबरोबर उपदेशही कचऱ्यात जातो.

आळवक यक्षाचे सुत्तच घ्या. आळवीचा हा यक्ष बुद्धाला म्हणतो, बाहेर हो. बुद्ध बाहेर होतात. आत ये म्हणतो, आत येतात. असे तीनदा होते. चौथ्यांदा मात्र बुद्ध हलत नाहीत. काय करायचे ते कर, म्हणतात. मग यक्ष धमकी देतो की, माझ्या प्रश्नांची उत्तरे दिली नाहीस तर पाय धरून तुला गंगेपार भिरकावीन. आणि विचारतो काय? माणसाचे श्रेष्ठ धन कोणते, सर्वांत गोड रस कोणता, कोणते जगणे उत्तम! उत्तरांत सत्य येते, प्रज्ञा येते, मेहनतीने मिळवलेले धन येते. शेवटी तोच यक्ष गावोगाव धम्माची थोरवी सांगत फिरण्याचा निश्चय करतो. आता यक्ष होता की नव्हता यावर रात्र घालविण्यात अर्थ नाही. ऐकण्यापूर्वी धमकावणारा माणूस प्रत्येक गल्लीत असतो, आणि त्याच्याशी कसे बोलावे हे या सुत्तात आहे.

माराचेही तसेच. सुत्तनिपातातील पधानसुत्तात त्याची सेना मोजून दिली आहे : कामवासना, अरती, भूक-तहान, तृष्णा, आळस, भीती, शंका, दंभ. यातला एकही शिपाई आकाशातून आलेला नाही. संयुत्तनिकायात माराची पंचवीस सुत्ते आहेत आणि गंमत अशी की, बोधी प्राप्त झाल्यावरही मार यायचा थांबत नाही. बुद्ध त्याला मारीत नाहीत, ओळखतात. ओळखला की तो खट्टू होऊन नाहीसा होतो.

आता खेळाकडे येऊ. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या पुस्तकात त्यांनी जगभरच्या पुराणांतून प्राणी गोळा केले. त्यात तीन प्रकारचे नाग आहेत. राक्षस आहे, वाघाचे तोंड, हातात चिलीम, भुलवणी घालणारा, माणसे खाणारा, आणि मूळचा भारतातला. भुलवून माणसे खाणे आपल्याकडचेच आहे. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात सिंहलाची कथा रंगविली आहे, तिथल्या राक्षसिणी हेच करतात. वाघाचे तोंड चित्रकाराने दिले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. कथा प्रवास करतात.

तक्रार दुसरीच आहे. त्या पुस्तकात प्रत्येक प्राण्यापुढे त्याच्या स्वभावाचा शिक्का मारलेला आहे. राक्षस दुष्ट, रक्षक नाग सज्जन, ऑर्क नावाची जमात सरसकट दुष्ट. जन्मला की ठरला! हे आपण कुठे ऐकले आहे, ते या सभागृहात सांगायची गरज नाही. २००० साली खेळाच्या नियमांचा मुक्त परवाना निघाला, तेव्हापासून हौशी मंडळी जुने विसरलेले राक्षस नव्या नियमांत बसवून पुन्हा छापीत आहेत. छापोत बापडे. पण राक्षसाबरोबर शिक्काही परत येतो. खेळाच्या मालक कंपनीलाच २०२० साली जाहीर सांगावे लागले की, ऑर्क वगैरेंचे चित्रण खऱ्या मानवसमूहांच्या बदनामीची आठवण करून देणारे होते आणि ते योग्य नव्हे.

नागांच्या बाबतीत हे आपल्याला अधिक लागते. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की, नाग हे लोक होते आणि बुद्धाचा धर्म पसरविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्याबाहेर नागराजा राणीसह बसला आहे. डोक्यामागे फण्या सोडल्या तर तो पूर्ण माणूस, आणि मोठा ऐटदार.

परंतु सोयीचे तेवढेच वाचू नये. विनयातील महावग्गात एका नागाची कथा आहे. त्याला आपल्या योनीची लाज वाटते, म्हणून तो तरुणाचे रूप घेऊन संघात शिरतो. एके रात्री झोपेत त्याचे रूप उघडे पडते, विहारात आरडाओरड होते, आणि त्याला सांगितले जाते की तुला या विनयात वाढ नाही, परत जा. तो रडत जातो. तेव्हापासून उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला तू मनुष्य आहेस काय, असे विचारतात. थायलंडमध्ये भिक्षू होणाऱ्या मुलाला आजही 'नाक', म्हणजे नाग, म्हणतात.

जात लपवून खोली भाड्याने घेतलेल्या माणसाला ही कथा वाचताना काय वाटेल? आमच्या वर्गात एक मुलगी गप्प झाली होती. कोणी म्हणाले, नाग म्हणजे सापच, नियम फक्त माणसांसाठी आहे. असेलही. पण ज्या संघाने उपाली न्हाव्याला शाक्यकुमारांच्या आधी दीक्षा दिली, रस्ता झाडणाऱ्या सुनीताला घेतले, त्या संघाच्या तोंडी ही कथा आम्हांस बसत नाही. बाबासाहेबांची कसोटी लावली तर ती बुद्धवचन म्हणून स्वीकारण्याचे बंधन आपल्यावर नाही. फाडू मात्र नये. ती कोणी, कशासाठी घातली हे विचारावे.

पुढच्या रविवारी वर्गात हाच उतारा घेणार आहोत. मुलांनी आपले फासे आणि राक्षसांची पुस्तकेही आणावीत. आळवकाचा खेळ मांडायचा आहे. त्याच्यापुढे स्वभावाचा रकाना कोरा ठेवायचा, एवढाच आमचा नियम.