वटवट्याची ओळख



पावसाळा ओसरतो, निपाणीच्या शिवारात ऊस पुरुषभर उंच होतो, आणि बेळगावच्या परसांतून, कुंपणांतून ‘चक्, चक्’ असा कोरडा आवाज येऊ लागतो. दोन गारगोट्या एकमेकींवर आपटाव्यात, तसा. आवाज स्पष्ट असतो. पक्षी मात्र दिसत नाही.

हा ब्लाइथचा बोरू वटवट्या. चिमणीहून लहान व सडपातळ, वजनाने जेमतेम बारा ग्रॅम. पाठ मातकट, पोट मळकट पांढरे, भुवई आखूड आणि पुसट. फिनलंडपासून सैबेरियापर्यंतच्या प्रदेशात तो उन्हाळ्यात घरटे करतो आणि थंडीपूर्वी हजारो किलोमीटरांचा प्रवास करून भारतात उतरतो. एप्रिल-मेच्या सुमारास तो परत निघतो. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ यांनी १८४९ साली त्याला ‘ड्युमेटोरम’ असे नाव दिले. त्याचा अर्थ झुडुपांतला. नावात बोरू असला, तरी हिवाळ्यात हा पाहुणा आमराईत आणि काटेरी कुंपणातच अधिक रमतो.

मग लव्हाळ्यात कोण असते? तेथे त्याचे भाऊबंद असतात. त्यांतला एक आकाराने बराच मोठा, जाड चोचीचा आणि कर्कश गळ्याचा. दुसरा ‘ॲग्रिकोला’, म्हणजे शेतकरी. त्याची भुवई ठळक, शेपूट काहीशी लांब. म्हणून वटवट्या ओळखताना प्रथम जागा पाहावी, मग आवाज ऐकावा. रंगाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

एवढ्या बारकाव्याने काय साधते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका जुन्या नमुन्यात आहे. १८६७ साली ॲलन ह्यूम यांना सतलजच्या खोऱ्यात मोठ्या चोचीचा एक वटवट्या मिळाला. पुढे जवळजवळ १४० वर्षे त्याच्या जातीचा दुसरा पक्षी कोणाला सापडल्याची नोंद नव्हती. २००६ साली थायलंडमध्ये तो जिवंत हाती आला. त्यानंतर संग्रहालयांचे खण पुन्हा तपासले, तेव्हा त्याच जातीचे आणखी नमुने आढळले. त्यांच्यावर ब्लाइथच्या वटवट्याच्या चिठ्ठ्या होत्या. पक्षी हरवला नव्हता; पाहणाऱ्यांची नजर चुकली होती.

बेळगावला या नजरेची परंपरा आहे. येथे असलेले लष्करी अधिकारी ई. ए. बटलर यांनी दख्खन आणि दक्षिण मराठा मुलखातील पक्ष्यांची यादी तयार केली. ती १८८१ साली ह्यूम यांच्याच ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली गेली. अशी यादी हाताशी असली म्हणजे त्या काळी कोण येत होते, हे आज ताडून पाहता येते.

बांधावरची झुडुपे तोडून तेथे तार ओढली जाते. तळ्याकाठचे लव्हाळे कचरा समजून पेटवले जाते. मोर नाहीसा झाला, तर गावभर चर्चा होईल. परंतु ज्याचे नावच कोणाला ठाऊक नाही, तो एखाद्या वर्षी आला नाही, हे कोणाच्या ध्यानी यावे? यंदा कुंपणातून ‘चक्’ असा आवाज आला, तर क्षणभर थांबावे आणि वहीत तारीख व जागा लिहून ठेवावी. इतक्या लांबून आलेल्या पाहुण्याची निदान नोंद तरी व्हावी.