चौकशी कोणासाठी?



आजचा विषय रुक्ष आहे, असे काही मित्रांनी मला आधीच बजावले आहे. आंब्याच्या दिवसांत श्रोत्यांना काढा पाजण्याचाच हा प्रकार. पण काढा पाजणाराही कोणी तरी असावा लागतो.

मोर्च्यावर लाठी चालते, कधी गोळी चालते, माणसे मरतात. दुसऱ्या दिवशी दोन मागण्या होतात : मृतांच्या वारसांना भरपाई द्या आणि न्यायालयीन चौकशी करा. पुढे आयोग बसतो, अहवाल येतो, आणि आपण म्हणतो, “गेला कपाटात!” एवढे म्हणून आपण सुस्कारा टाकतो. ह्या सुस्काऱ्याशीच माझे भांडण आहे.

चौकशी झाली तर काय मिळते, हे पाहावयाचे असेल तर चौकशी न झाली म्हणजे काय होते, ते आधी पाहिले पाहिजे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि पुन्हा गोळ्या चालल्या. सगळ्या आंदोलनात शंभरावर माणसे गेली. न्यायालयीन चौकशी मात्र झाली नाही. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला, तेव्हा लोकसभेतील आपल्या निवेदनात त्यांनी ह्या चौकशीच्या नकारावर बोट ठेवले. राज्यकारभारात मुरलेला तो मनुष्य. सरकारला कधी बळ वापरावे लागते, हे त्यांना कोणी शिकवावयास नको होते. त्यांचे म्हणणे एवढेच, की बळ वापरले तर त्याचा हिशेब द्या.

तो हिशेब मिळाला नाही. आज हुतात्मा चौकात आपण हुतात्म्यांना फुले वाहतो. पण त्यांतील प्रत्येकावर गोळी कोणाच्या हुकुमाने सुटली, आधी इशारा दिला होता काय, लाठीने किंवा अश्रुधुराने भागले नसते काय, ह्या प्रश्नांना शपथेवर दिलेले उत्तर आपल्यापाशी नाही. स्मारक आहे, निवाडा नाही. आता साक्षीदारही फारसे उरले नाहीत.

आता कायद्याकडे वळू. चौकशी आयोगाचा कायदा १९५२ सालचा आहे. त्याअन्वये सरकार आयोग नेमते. साक्षीदारांना बोलावणे, शपथेवर जबानी घेणे, कागदपत्रे मागविणे, हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयोगाला मिळतात. ज्याच्या लौकिकाला बाध येण्याचा संभव आहे, त्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावीच लागते. मग तो शिपाई असो की मंत्री. पण आयोग शिक्षा देऊ शकत नाही. त्याचा निष्कर्ष ही शिफारस होय, हुकूम नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने दालमिया प्रकरणात १९५८ सालीच सांगून ठेवले आहे. आयोगापुढे साक्षीदाराने जे सांगितले, ते पुढे खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. अपवाद फक्त खोट्या साक्षीच्या खटल्याचा.

मग कोणी विचारील, की ज्याला दात नाहीत असा आयोग काय कामाचा? ह्याचे उत्तर घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात मिळते.

११ जुलै १९९७ च्या सकाळी तेथील डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक संतापून रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि १० माणसे मेली. पोलिसांचे म्हणणे असे, की जमाव रस्त्यावरचे ज्वालाग्राही टँकर पेटविणार होता. गोळीबार केला नसता तर अनर्थ झाला असता. हे म्हणणे ऐकावयास पटण्यासारखे होते. गरीब वस्तीच्या शब्दापुढे सरकारी वर्दीचा शब्द नेहमीच जड भरतो. चौकशी झाली नसती, तर आज इतिहासात टँकरची गोष्टच राहिली असती, आणि मेलेले दहाजण जाळपोळ करणारे ठरले असते.

उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गुंडेवार ह्यांचा आयोग बसला. वस्तीतल्या लोकांनी साक्षी दिल्या. १९९८ साली आयोगाचा अहवाल आला : टँकरची सबब टिकत नाही, गोळीबार असमर्थनीय होता. पुढे फौजदारी खटला स्वतंत्रपणे चालवावा लागला आणि मे २००९ मध्ये सत्र न्यायालयाने त्या तुकडीच्या उपनिरीक्षकाला जन्मठेप दिली. प्रकरण मग अपिलात गेले. गोळीबारापासून निकालापर्यंत जवळजवळ बारा वर्षे गेली. हा विलंब लाजिरवाणा आहे. पण मेलेल्यांच्या कपाळी मारलेला शिक्का निकालाच्या कितीतरी आधी आयोगानेच पुसला होता, हे विसरू नये.

सर्वच आयोगांचे असे होत नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळाचे अधिवेशन चालू असता गोवारी समाजाचा मोर्चा अडविण्यात आला. लाठीमार, मग चेंगराचेंगरी, आणि ११४ मृत्यू. त्यांत बायका-मुलेच अधिक. न्यायमूर्ती दाणी ह्यांच्या आयोगाने सरकारवर ठपका ठेवला नाही. अनेकांना हा निष्कर्ष आजही मान्य नाही. मग चौकशी फुकट गेली काय? मला तसे वाटत नाही. निष्कर्षाला आव्हान द्यावयाचे, तर समोर निष्कर्ष असावा लागतो. जबान्या नोंदलेल्या असतील तर उद्याचा अभ्यासक त्या उलगडून वेगळा निर्णय देऊ शकेल. जेथे कागदच नाही, तेथे वाद तरी कशाशी घालावयाचा?

पोलिसांची बाजूही मला येथे मांडली पाहिजे. बारा-बारा तास बंदोबस्तावर उभा असलेला शिपाई हा आपल्याच गावचा मुलगा असतो. अंगावर दगड येत असता त्याने डोके शांत ठेवावे, ही अपेक्षा कठीण आहे. पण म्हणूनच चौकशी त्याच्याही हिताची आहे. हुकूम वरून आला होता की नाही, हे उघड न झाल्यास बळी पडतो तो तळचाच माणूस.

तेव्हा आपण काय करावयाचे? पहिली गोष्ट, साक्ष द्यावयाची. एका दिवसाची मजुरी बुडवून आयोगापुढे उभा राहणारा मनुष्य भाषणे करणाऱ्या माझ्यासारख्यांपेक्षा लोकशाहीचे अधिक काम करतो. दुसरी गोष्ट, मुदत लक्षात ठेवावयाची. अहवाल हाती आल्यापासून सहा महिन्यांच्या आत, केलेल्या कार्यवाहीच्या निवेदनासह, तो विधिमंडळापुढे ठेवावा, असे कायदाच सांगतो. सातव्या महिन्यात आपल्या आमदाराला गाठून विचारा, “अहवाल कोठे आहे?” आणि तिसरी गोष्ट, अहवाल आला की वाचावयाचा. आपण निकालाची बातमी वाचतो, अहवाल वाचीत नाही. आणि न वाचलेला अहवाल कपाटात ठेवणे कोणत्याही सरकारला फार सोपे असते.

चौकशी सरकार नेमते, पण ती सरकारसाठी नसते. ती ज्यांचे तोंड कायमचे बंद झाले, त्यांच्या वतीने जिवंत माणसांनी विचारलेला प्रश्न आहे. तो विचारणाऱ्याने उत्तर येईपर्यंत जागचे हलू नये, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.