टॅग लावण्याआधी

(चंद्रपुरातील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



वेबसाइटच्या सेटिंग्जवर तासभर बोलण्यासारखं काय असतं, असं संयोजकांनी मला विचारलं होतं. मी त्यांना एका ओळीची हकीकत सांगितली. तिथूनच सुरुवात करतो.

ताडोबाच्या बफरमधल्या एका गावात एक ताई होमस्टे चालवतात. तीन खोल्या, शेणाने सारवलेलं अंगण, चुलीवरचं जेवण. त्यांची वेबसाइट मी केलेली आहे. एक दिवस त्यांचा फोन आला. पुण्याच्या एका पाहुणीने त्यांना विचारलं होतं, ‘तुमच्या साइटवर फॉर्म भरल्यापासून मला जिकडे तिकडे रिसॉर्टच्या जाहिराती दिसतात. माझा नंबर तुम्ही कुणाला दिला का?’ ताई मला म्हणाल्या, “भाऊ, मी पाहुण्यांचे नंबर वहीत लिहिते, अन् वही कपाटात असते. कोणाला देणार मी?”

मी लॅपटॉप घेऊन गेलो. ब्राउझरमध्ये एक कप्पा असतो. पान उघडल्यावर आपल्या यंत्रातून कुठे कुठे काय रवाना होतं, ते त्यात ओळीओळीने दिसतं. ताईंना शेजारी बसवून मी खोट्या नावाने फॉर्म भरला आणि पाठवला. क्षणात एक ओळ उमटली. पडद्याची लांबी-रुंदी, ब्राउझरची भाषा मराठी, आधी कोणत्या पानावर होतो ते, एक लांबलचक आकडा, आणि समोरच्या पानाचा पूर्ण पत्ता. त्या पत्त्याला शेपटासारखं जोडलेलं होतं मी भरलेलं नाव, दहा आकडी मोबाइल नंबर आणि मुक्कामाची तारीख. ताईंनी बोट ठेवून नंबर वाचला. “हा तर पाहुण्याचा नंबर झाला ना?” म्हणाल्या.

चूक माझी होती. फॉर्ममधला मजकूर पानाच्या पत्त्यातून पुढे जाईल असा तो मी बांधला होता, आणि ‘धन्यवाद’ म्हणणाऱ्या पानावर मोजणीचा टॅग होता. टॅग पानाचा पत्ता जसाच्या तसा उचलतो. पत्त्यात कुणाचा नंबर आहे हे त्याला कळत नाही. त्यामुळे साइट सुरू झाल्यापासून ज्याने ज्याने चौकशी केली, त्याचा नंबर तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर गेला होता. पाहुणीला दिसणाऱ्या जाहिराती मात्र या नंबरमुळे आल्या नव्हत्या, त्यांची वाट निराळी होती. एका तक्रारीमागे दोन गळत्या निघाल्या, आणि दोन्हींवर इलाज होता साइट बांधणाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे. वाचकाच्या हातात त्यातलं फार थोडं होतं.

आता टॅग म्हणजे काय, ते सांगतो. साइटच्या कोडमध्ये चिकटवलेल्या चार-सहा ओळी. पान उघडलं की त्या ओळी दुसऱ्या कंपनीकडून एक छोटा प्रोग्राम आणतात आणि तो वाचकाच्या मोबाइलमध्ये चालतो. गूगल अॅनालिटिक्सचा टॅग असेल तर तो ब्राउझरमध्ये कुकी नावाची एक छोटी नोंद ठेवतो. तिच्यात यदृच्छेने निवडलेला एक आकडा असतो आणि पहिल्या भेटीची वेळ असते. तिची नेहमीची मुदत दोन वर्षं. मेटाच्या ‘पिक्सेल’ या टॅगची कुकी ९० दिवसांची. कुकी ही चीज १९९४ साली नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी आणली. दुकानाच्या साइटला गिऱ्हाइकाची पिशवी लक्षात राहावी, एवढंच त्या वेळी मनात होतं.

आकड्यात नाव नसतं, मग बिघडलं काय, असं पुष्कळ जण म्हणतात. आपल्या भागातल्या माणसाला याचं उत्तर लगेच पटेल. ताडोबातल्या कॅमेरा ट्रॅपला वाघाचं नाव ठाऊक नसतं. पूर्वी वाघ पगमार्कवरून मोजत. २००६च्या देशव्यापी गणनेपासून कॅमेऱ्यांवर भर आला. वाघाच्या डाव्या अंगाचे पट्टे उजव्या अंगाहून वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे जोडीने लावतात. एकदा पट्टे जुळले की तो वाघ परवा मोहर्लीकडे होता, आज कोलाऱ्याकडे आहे, हे सांगता येतं. नाव पुढे लोक ठेवतात. कुकीतला आकडा म्हणजे असेच पट्टे.

तरी एक गोष्ट नेमकी सांगायला हवी, कारण इथे बरेच गैरसमज आहेत. अॅनालिटिक्सची ती कुकी एका साइटपुरतीच असते. वेगवेगळ्या साइटींवरचा आणि वेगवेगळ्या यंत्रांवरचा माणूस एकच आहे हे जुळतं ते दुसरीकडून. वाचक गूगल खात्यात लॉग-इन असतो, खात्यात त्याने जाहिराती ‘पर्सनलाइज’ करायची मुभा दिलेली असते, आणि साइटवाल्याने ‘गूगल सिग्नल्स’ नावाची सोय सुरू केलेली असते. शिवाय साइटवाल्याने आपलं जाहिरातींचं खातं अॅनालिटिक्सला जोडलं असेल, तर ‘माझ्या साइटवर येऊन बुकिंग न करता गेलेली माणसं’ अशी यादी तयार होते आणि जाहिरात त्या यादीमागे फिरते. ताईंच्या साइटवर मी हे दोन्ही सुरू केलं होतं. त्यांना विचारलं नव्हतं. पाहुण्यांना विचारण्याचा तर प्रश्नच आला नव्हता.

बंद करायचं तर कसं? गूगलच्या टॅगमध्ये दोन साधी कलमं आहेत. एक ‘गूगल सिग्नल्सना परवानगी’ आणि दुसरं ‘जाहिरात पर्सनलायझेशनच्या सिग्नल्सना परवानगी’. दोन्हींपुढे ‘फॉल्स’ लिहायचं, तेही टॅग सुरू करणाऱ्या ओळीच्या आधी किंवा तिच्या आतच. अॅनालिटिक्सच्या अॅडमिनमध्येही ही बटणं आहेत. पर्सनलायझेशनचं बटण तिथे देशवार लावता येतं, त्यामुळे युरोपपुरतं बंद आणि भारतात चालू, असंही करता येतं. हा भेद मला मान्य नाही. बर्लिनहून वाघ बघायला येणाऱ्या पाहुण्याला जेवढी अदब दाखवायची, तेवढी नागपूरच्या पाहुण्यालाही दाखवावी.

ही कलमं बंद केली की मोजणी थांबते असा एक समज आहे. तसं होत नाही. किती जण आले, कोणतं पान वाचलं, हे पुढेही मोजलं जातं. त्या भेटीची माहिती जाहिराती पर्सनलाइज करायला वापरू नये, एवढीच ती सूचना आहे. रवाना होणाऱ्या ओळीत मग ‘एनपीए’ या अक्षरांपुढे १ दिसतो. नॉन-पर्सनलाइज्ड अॅड्सची ती आद्याक्षरं. कुकीच ठेवायची नसेल तर पुढची पायरी घ्यावी लागते. तिला ‘कन्सेंट मोड’ म्हणतात, म्हणजे संमतीची व्यवस्था.

तिच्यात चार मुख्य चाव्या आहेत. जाहिरातीसाठी साठवण, मोजणीसाठी साठवण, जाहिरातीसाठी वाचकाची माहिती पाठवणं आणि जाहिरातींचं पर्सनलायझेशन. शेवटच्या दोन चाव्या युरोपातल्या कायद्यांच्या रेट्यामुळे नंतर आल्या, आणि मार्च २०२४ पासून तिथल्या वाचकांना पर्सनलाइज केलेली जाहिरात दाखवायची तर त्या टाळता येत नाहीत. चारही चाव्यांची सुरुवातीची स्थिती ‘डिनाइड’, म्हणजे नकार, अशी लिहून ठेवायची. वाचकाने होकाराचं बटण दाबलं की मगच ‘ग्रँटेड’ करायचं.

सगळं अडतं ते क्रमावर. नकाराची ओळ टॅगच्या वर हवी. खाली असेल तर टॅग आधी धावतो, कुकी ठेवतो, पानाचा पत्ता पाठवतो, आणि मग पडद्याच्या तळाशी ‘आम्ही तुमच्या खासगीपणाचा आदर करतो’ अशी पट्टी हसत वर येते. गेल्या काही वर्षांत कामानिमित्त मी अशा पुष्कळ साइट तपासल्या. पट्टी सुबक, मजकूर कायदेशीर, बटणं रंगीत, आणि आतल्या ओळी पट्टीच्या आधीच निघून गेलेल्या. रवाना होणाऱ्या ओळीत ‘जीसीएस’ नावाचा एक रकाना असतो. तिथे जी१०० दिसलं तर जाहिरात आणि मोजणी या दोन्ही साठवणींना नकार आहे. जी१११ म्हणजे दोन्हींना होकार. वाचकाने अजून काहीही दाबलेलं नसताना तिथे जी१११ दिसत असेल, तर ती पट्टी शोभेची आहे. आणखी एक. नकार असतानाही टॅग चालू ठेवला तर कुकीशिवायचे छोटे निरोप जातच राहतात. तेही नको असतील तर होकार मिळेपर्यंत टॅग उघडूच द्यायचा नाही. मी आता तेच करतो.

या जिल्ह्यांत हे मला इतकं निकडीचं का वाटतं, ते सांगतो. होमस्टे बाजूला ठेवा. गडचिरोलीत आणि चंद्रपूरच्या आदिवासी भागात सिकलसेल या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे. वरोऱ्याजवळ १९४९पासून आनंदवन उभं राहिलं, कारण कुष्ठरोग झालेल्या माणसाला घरानेच बाहेर काढलं होतं. आजाराचं नाव बाहेर फुटलं तर काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आता कल्पना करा. एखाद्या आरोग्यसंस्थेने सिकलसेलवर चांगलं मराठी पान लिहिलं. पानाच्या पत्त्यात आजाराचं नाव आहे. त्याच साइटवर देणग्यांसाठी जाहिरातीचा टॅग आहे. लग्न ठरत असलेली एखादी मुलगी घरातल्या एकुलत्या एक मोबाइलवर ते पान वाचते. तोच मोबाइल संध्याकाळी तिच्या भावाच्या हातात, रात्री वडिलांच्या हातात असतो. आरोग्याच्या माहितीवरून जाहिराती पर्सनलाइज करायला गूगलच्या धोरणात मनाई आहे, हे खरं. पण ते पान वाचलं गेल्याचा निरोप मुळात पाठवायचा की नाही, हे साइट लावणारा ठरवतो. आजाराच्या पानावर जाहिरातीचा टॅग असूच नये, असं माझं ठाम मत आहे. देणगीचं पान वेगळं ठेवा, टॅग तेवढ्यावर लावा.

पाहिलं जातंय एवढ्या जाणिवेनेही माणूस बदलतो. उत्तराखंडात कॉर्बेटच्या परिसरात केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेलं काम २०२४ साली प्रसिद्ध झालं. वाघांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांत सरपणाला जाणाऱ्या बायका टिपल्या जात होत्या. जंगलात जनावर दूर राहावं म्हणून त्या मोठ्याने बोलत, गाणी म्हणत. कॅमेरा दिसला की गप्प होऊ लागल्या. एका बाईचं अतिशय खासगी छायाचित्र व्हॉट्सअॅपवर फिरवलं गेलं आणि गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले. आपल्याकडे मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचायला पहाटे जाणाऱ्या बायका आठवून मी तो अभ्यास वाचला. ते गाणं थांबणं माझ्या डोक्यातून जात नाही.

कायदा आता आपल्या बाजूला येतो आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ला पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं. २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. संमती मोकळी, नेमकी, समजून-उमजून दिलेली हवी, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं, असं कायदा म्हणतो. अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिरात दाखवायला त्यात मनाई आहे. शाळा, आश्रमशाळा आणि शिकवणी वर्गांच्या साइट करणाऱ्यांनी हे कलम आजच वाचावं.

त्याच कायद्यात लिहिलंय की संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळण्याची सोय हवी. अनुसूचीत बावीस भाषा आहेत. मराठी आहे, संथाली आहे, बोडो आहे. गोंडी नाही. माडिया नाही. म्हणजे गडचिरोलीतल्या भामरागडच्या माडिया बोलणाऱ्या माणसाने समजून-उमजून होकार द्यायचा आणि सूचना त्याच्या भाषेत देण्याचं बंधन कुणावरही नाही. पण बंधन नाही म्हणजे मनाई थोडीच आहे? दोन वाक्यं माडियात लिहून घ्यायला, किंवा लिहिलेलं वाचता येत नसेल तर कुणाकडून बोलून घेऊन ऐकवायला, कितीसा खर्च येतो?

संमतीच्या बाबतीत गडचिरोलीने तर देशाला शिकवलंय. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले, ते पहिल्या गावांपैकी एक. तिथली ग्रामसभा बहुमताने ठरवत नाही, सर्वसहमतीने ठरवते. एकाचं मन मानत नसेल तर विषय थांबतो, बोलणं पुढच्या सभेत चालू राहतं. तोवर जंगलाला हात लागत नाही. कन्सेंट मोडच्या वरच्या ओळीत ‘डिनाइड’ लिहिताना मला ती सभा आठवते. विचारणं झालेलं नाही, तोवर उत्तर ‘नाही’ धरायचं.

धंद्याचं काय, हा प्रश्न ताईंनीही विचारला. मोठी रिसॉर्टं पैसा ओततात, आम्ही दिसणार कसे? त्यांची जाहिरात आम्ही बंद केली नाही. ताडोबाजवळ राहायची जागा शोधणाऱ्याला शोधाच्या पानावर त्यांची जाहिरात दिसते. त्याने काय हवंय ते स्वतःच टाइप केलेलं असतं, त्याच्या मागे फिरावं लागत नाही. मागे फिरणारी यादी मात्र बंद केली. फॉर्म दुरुस्त केला. नंबर आता पत्त्यातून जात नाही. जुनी नोंद पुसायची मागणी केली. त्या पाहुणीला ताईंनी स्वतः फोन करून काय झालं ते सांगितलं.

मग संमतीची पट्टी लिहायला बसलो. मी लिहिलं होतं, ‘अधिक चांगल्या अनुभवासाठी कुकीज वापरण्यास आपली संमती आहे का?’ ताईंनी दोनदा वाचलं. म्हणाल्या, “यात मी काय मागते आहे ते कळतच नाही.” आता तिथे त्यांनी सांगितलेली वाक्यं आहेत: ‘तुम्ही आमच्या साइटवर काय पाहिलं, ते मोजायला आम्हाला दुसऱ्या कंपनीची मदत घ्यावी लागते. चालेल का? नाही म्हटलं तरी खोली मिळेल.’ होकार आणि नकार ही दोन बटणं सारख्याच आकाराची, सारख्याच रंगाची.

मी लॅपटॉप आणला आहे. ज्यांची स्वतःची, संस्थेची, शाळेची साइट आहे, त्यांनी व्याख्यान संपल्यावर इथे पुढे या आणि फक्त साइटचं नाव सांगा. पट्टीवर काहीही दाबण्याआधी कोणती ओळ निघते, ते आपण दोघं मिळून वाचू.