मंद आचेवरचे गोळे
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला बजावून ठेवले आहे की, या खेपेस उपदेश नको, घरी जाऊन करून पाहता येईल असे काही सांगा. तेव्हा मी आज खिम्याच्या गोळ्यांच्या आंबट-गोड कालवणाबद्दल बोलणार आहे. ज्या भगिनी मांसाहार करीत नाहीत त्यांनी उठून जाऊ नये. त्यांचे हरभऱ्याच्या डाळीचे गोळेही पुढे येणार आहेत.

आपल्या जुन्नर-आंबेगावात पाहुणा आला की मासवडी. ती कशी करावी हे तुम्हांला सांगणे म्हणजे ओतूरच्या शेतकऱ्याला कांदा दाखवण्यासारखे आहे! पण मासवडी हा सवडीचा पदार्थ. पीठ घोटा, ओल्या फडक्यावर थापा, तीळ-खोबऱ्याचे सारण भरा, वळकटी करा, वड्या पाडा, आणि वर रस्सा वेगळाच. दोन बायका आणि अर्धा दिवस पाहिजे. नारायणगावच्या बाजारासाठी टोमॅटोची तोडणी चालू असते, पौषात कांद्याची लागण असते, तिकडे पश्चिमेला भाताची आवणी लागते, तेव्हा ती सवड कोठून आणायची? दिवेलागणीला बाई घरी येते. बिबट्याच्या भीतीने अलीकडे तीही घाईघाईने, घोळक्याने येते. आल्यावर पाय धुते न धुते तोच चुलीपुढे बसते. मी सांगते तो पदार्थ या बाईसाठी आहे. सकाळी किंवा दुपारच्या सुटीत तासभर खपायचे, आणि पुढचे काम आचेवर सोपवायचे.

मंद आच ही काही आपल्याला परकी गोष्ट नव्हे. चुलीच्या शेजारचा वैल कशासाठी असतो? मुख्य चुलीवर भाकरी भाजली जाते आणि तिकडून येणाऱ्या धगीवर वैलावरचे कालवण आपोआप मुरत राहते. त्याला वेगळे सरपण लागत नाही. १९१० साली बंगालमधील डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर काढला, त्यातही हेच तत्त्व होते. खाली थोडेसे कोळसे, वर एकावर एक डबे, आणि कुकर लावून माणूस खुशाल कामाला जाई. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत तो असे. पुढे १९५९ च्या सुमारास आपल्या देशात प्रेशर कुकर तयार होऊ लागले आणि शिट्ट्यांच्या घाईत इकमिक माळ्यावर गेला.

हल्ली शहरांतून विजेचा मंद कुकर मिळतो. त्याची जन्मकथा मला फार आवडते. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या ज्यू गृहस्थाने तो काढला आणि १९४० साली त्याचे पेटंट घेतले. त्याची आई लिथुआनियातल्या व्हिल्ना शहराकडची. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही. म्हणून शुक्रवारी संध्याकाळ होण्याआधी बायका शेंगदाण्यांचे व मांसाचे मडके पाववाल्याच्या भट्टीत ठेवीत... शेंगदाण्यांचे नव्हे, घेवड्याच्या दाण्यांचे म्हणायचे होते मला. भट्टी विझत विझत रात्रभर ते शिजे. आईने सांगितलेली ही आजीची हकिकत ऐकून मुलाने विजेचे मडके केले. १९७१ पासून ते क्रॉक-पॉट या नावाने अमेरिकेत घरोघर गेले. त्या मडक्यात तिकडच्या बायका खिम्याचे गोळे, तिखट सॉस आणि द्राक्षांची जेली एकत्र घालून समारंभाला करतात. द्राक्षे आणि मांस! ऐकून मीही नाक मुरडले होते. पण आपण चिंच-गूळ घालतोच की नाही? आणि द्राक्षांना आपल्या जुन्नर तालुक्यात काय तोटा आहे?

आता कृती सांगते. अर्धा किलो मटणाचा खिमा, ताजा आणि आपल्यासमोर करून घेतलेला. एक कांदा अगदी बारीक चिरून हाताने पिळून घ्यावा; पाणी राहिले की गोळा फुटतो. आले-लसणाचे वाटण, कोथिंबीर, चहाचा एक चमचा मीठ, हळद, आणि बांधणीसाठी पंढरपुरी डाळ्यांचे पीठ दोन मोठे चमचे. खिमा मीठ घालून कणकेसारखा मळावा. पाच मिनिटांत तो हाताला चिकटू लागतो. ही चिकटच गोळा धरून ठेवते, अंडे वगैरे काही लागत नाही. मग छोट्या लिंबाएवढे २४ गोळे वळावेत आणि झाकून थंड जागी, फ्रिज असेल तर फ्रिजमध्ये, अर्धा तास ठेवावेत.

रश्शासाठी दोन कांदे व अर्धी वाटी सुके खोबरे भाजून, लसणाच्या दहा पाकळ्यांबरोबर वाटावे. तेलात ते वाटण परतून कांदा-लसूण मसाला घालावा. चार टोमॅटो किसून घालावेत. तेल सुटले की गरम पाणी, सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ आणि त्याच्या दीडपट गूळ. द्राक्षांच्या दिवसांत गुळाऐवजी वाटीभर सुटे मणी चेचून, गाळून त्यांचा रस घालावा. मोठ्या घडातून गळालेले मणी बाजारात कोणी घेत नाही, ते असे कामी येतात. मात्र रस घातल्यावर चव घेऊन मगच चिंच घाला. काही मणी स्वतःच आंबट असतात.

रश्शाला खळखळून उकळी आली की एकेक गोळा अलगद सोडावा आणि दहा मिनिटे पळी मुळीच घालू नये. हलवायचेच तर फडक्याने पातेल्याचे कान धरून पातेले हलवावे. गोळे घट्ट झाले की पातेले वैलावर ठेवून वर पाण्याची ताटली झाकावी. दीड तासात गोळे मुरतात. गॅस असेल तर सर्वांत बारीक ज्योत. विजेच्या मंद कुकरात उकळता रस्साच ओतून मंद खुणेवर चार-पाच तास.

डाळीच्या गोळ्यांचे तंत्र निराळे. हरभरा डाळ चार तास भिजवून, मिरची-जिऱ्याबरोबर भरड वाटून गोळे करावेत. हे गोळे जास्त वेळ ठेवले तर विरतात. उकळत्या आमटीत सोडून वर तरंगू लागल्यावर पंधरा-वीस मिनिटे पुरेत. आणि चिंच शेवटी. आंबट आधी पडले की डाळ लवकर मऊ होत नाही, हे पुरणाला डाळ शिजवणाऱ्या बायकांना मी सांगायला नको.

भगिनींनो, आता जरा वेगळे बोलते. मी हा पदार्थ धरून बसले आहे तो केवळ चवीसाठी नव्हे. मटणाचा रस्सा केला की आपल्याकडे काय होते ते आठवा. आधी पुरुष, मग मुले, मग सासूबाई, आणि शेवटी जिने रांधले तिच्या ताटात रस्सा आणि एखादे हाडूक. कोणी मुद्दाम करते असे मी म्हणत नाही. पळीत काय आले हे कोणी मोजत नाही, एवढेच. गोळे मात्र मोजता येतात! घरात आठ माणसे असली तर २४ गोळ्यांतले प्रत्येकाचे तीन. सुनेचे तीन पातेल्यात राहिले नाहीत तर ते सर्वांना दिसते. आमच्या घरी मी हे सुरू केले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "गोळे मोजून वाढायला ही काय खाणावळ आहे?" पण दुसऱ्या खेपेस त्यांनीच माझे तीन गोळे वाटीत काढून झाकून ठेवले. रक्त कमी म्हणून डॉक्टर सुनांना गोळ्या लिहून देतात; त्या घ्याव्यातच. पण पातेल्यातले हे गोळेही तिच्या तोंडात गेले पाहिजेत.

दुसरा आक्षेप असतो तो आळसाचा. चुलीपुढे उभे न राहता स्वयंपाक होतो म्हणजे बाई आळशी, असे अजून पुष्कळांना वाटते. ज्या घरात मोटार चालू करून पुरुष खाटेवर बसतो, त्याला मात्र आळशी म्हणत नाहीत. पंप पाणी ओढतो आहे असे म्हणतात. आच गोळे शिजवते आहे असे आपण का म्हणू नये?

एक धोका मात्र नीट ऐका. मंद म्हणजे कोमट नव्हे. मांसाचे कालवण कोमट अवस्थेत तासन् तास राहिले तर ते बिघडते, आणि वासावरून ते नेहमी कळतेच असे नाही. म्हणून सुरुवात कायम उकळीने करायची. पातेले हात लावण्याजोगे झाले असेल तर आच कमी पडली असे समजा. एक गोळा फोडून पाहा. आत लाली दिसली तर सगळे पुन्हा उकळा. उरलेले रात्री बाहेर ठेवू नका.

ज्यांच्याकडे ना वैल ना विजेचा कुकर, त्यांच्यासाठी बिनआचेची पेटी. टोमॅटोचे क्रेट किंवा द्राक्षांचे मोठे खोके घ्या, आतून गोणपाट लावा, भाताचे तूस किंवा गव्हाचा भुसा दाबून भरा आणि मधे पातेल्यापुरता खळगा ठेवा. पातेले काठोकाठ भरलेले असावे. कालवण वीस मिनिटे चांगले उकळून, झाकण न उघडता खळग्यात ठेवावे आणि वरून जुनी गोधडी घट्ट दाबावी. तीन तासांत काढून पुन्हा उकळी द्यावी, आणि मगच वाढावे. शेतावर जाऊन यायला तीन तास पुरत नसतील तर या पेटीत डाळ किंवा भात ठेवा, खिमा नको.

अशी एक पेटी करून मी मंडळाच्या खोलीत ठेवली आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी वहीत नाव लिहून दोन दिवसांसाठी न्यावी. परत आणताना भुसा उन्हात वाळवून आणावा. ओला राहिला तर त्याला बुरशी येते.